गाणाऱ्याच्या कपड्यांवरून त्याचं पुरुषपण मोजायचं, आणि तेही सांगलीत?

गॅदरिंगचे दिवस आले की आमच्या सांगलीत कपड्यांवरून एक तरी वाद होतोच, यंदा तो थेट हॅरी स्टाइल्स ह्या इंग्लिश पॉप गायकावर जाऊन पोचलाय. झालं एवढंच की कॉलेजच्या एका पोरानं हॅरीसारखी गळ्यात मोत्यांची माळ, नखांना काळं नेलपॉलिश आणि फुलाफुलांचा ढगळ शर्ट घालून इंग्लिश गाणं म्हटलं, कुणीतरी व्हिडिओ काढला, तो फिरला, आणि मग विश्रामबागेतल्या चहाच्या गाड्यांपासून गणपती पेठेतल्या दुकानांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तोच विषय. एक पार्टी म्हणते ही सगळी बाहेरची थेरं, पोरं बायकी व्हायला लागली, आपल्याकडं असलं कधी नव्हतं. दुसरी पार्टी, बहुतेक वयानं लहान, म्हणते तुम्ही सगळे जुनाट, हॅरी म्हणजे क्रांती. पोरगं गायलं कसं ह्याबद्दल दोन्हीकडनं एक अक्षर ऐकू आलं नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गाणाऱ्याचा पेहराव हा त्याच्या सादरीकरणाचा भाग असतो, तो जमला का फसला ह्यावर खुशाल भांडावं, पण त्यावरून त्याचं पुरुषपण मोजायचा अधिकार कुणालाच नाही, आणि सांगलीकरांना तर अजिबातच नाही. आणि दुसरं, एकाच तऱ्हेचा कपडा दोन माणसांनी घातला तर एकाला टाळ्या आणि दुसऱ्याला शिव्या का मिळतात, वाद घालायचाच असेल तर तिथं घालायला पाहिजे, आणि तिथं कुणी घालत नाहीये.

ज्यांना हॅरी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म 1994 चा, इंग्लंडमधल्या होम्स चॅपल नावाच्या लहान गावात वाढलेला, शाळेत असताना बेकरीत काम करायचा. 2010 मध्ये ‘द एक्स फॅक्टर’ ह्या टीव्हीवरच्या स्पर्धेत उतरला, तिथं वन डायरेक्शन हा पाच पोरांचा बँड तयार झाला, आणि 2017 पासून तो एकटा अल्बम काढतो. 2019 च्या मेट गालाला, म्हणजे न्यूयॉर्कच्या फॅशनच्या मोठ्या समारंभाला, झिरझिरीत काळा ब्लाउज आणि एका कानात मोत्याचं डूल घालून आला. डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकन व्होग ह्या फॅशन मासिकाच्या कव्हरवर एकट्यानं झळकणारा तो पहिला पुरुष ठरला, आणि त्या फोटोत अंगात गुची कंपनीचा निळसर लेसचा गाऊन, वर काळा कोट. त्यावर अमेरिकेतल्या कँडेस ओवेन्स ह्या राजकीय भाष्य करणाऱ्या बाईंनी मर्दानी पुरुष परत आणा अशी हाकाटी केली, आणि ह्यानं त्याच शब्दांची कॅप्शन देऊन केळं खातानाचा आपला फोटो टाकला. 2021 च्या ग्रॅमीत उघड्या अंगावर लेदरचं जाकीट आणि गळ्यात हिरव्या पिसांचा हार घालून गायला आणि त्याच रात्री बक्षीसही घेऊन गेला, 2023 मध्ये तर वर्षातल्या सगळ्यात चांगल्या अल्बमचं ग्रॅमी त्याला मिळालं. तेव्हा नुसता कपड्यांवर चालतो, गाण्यात काही नाही, असं म्हणायला फारशी जागा उरत नाही.

आता "आपल्याकडं असलं कधी नव्हतं" हे वाक्य सांगलीत उभं राहून कसं काय म्हणवतं लोकांना, हे मला खरंच कळत नाही. 1843 साली ह्याच गावात, चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला, दर 5 नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन करतो तो त्याच आठवणीसाठी, आणि नाट्यपंढरी म्हणून जी मिरवतो ती त्याच जोरावर. त्या खेळातली सीता कोण होती? पुरुषच होता. पलूस तालुक्यातलं नागठाणे हे बालगंधर्वांचं गाव. मिरजेत जिथं त्यांनी शकुंतला होऊन पहिल्यांदा रंगमंचावर पाऊल ठेवलं असं सांगतात, तिथं आज त्यांच्याच नावाचं नाट्यगृह उभं आहे. भामिनी, रुक्मिणी, सिंधू ह्या त्यांच्या भूमिकांवर महाराष्ट्रानं जीव टाकला. आणि नुसतं बघून लोक घरी गेले नाहीत, घरंदाज बायका त्यांचं बघून नऊवारी नेसायची ढब, गजरा माळायची पद्धत, दागिन्यांची घडण उचलायच्या. म्हणजे बाईनं छान कसं दिसावं हे आपल्या पणज्या एका पुरुषाकडनं शिकल्या आणि पणजोबांनी त्याची तिकिटं काढली. 1964 ला सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं. आज त्यांचा फोटो लावलेल्या हॉलमध्ये बसून नेलपॉलिश लावलेल्या पोराला संस्कृती शिकवायची, हे कसं काय जमतं?

ह्यावर जे उत्तर येतं ते वजनदार आहे आणि ते बाजूला सारण्यात अर्थ नाही. बालगंधर्व भूमिका करत होते, पडदा पडला की कोट-टोपीतले नारायणराव, हा हॅरी मात्र स्वतः म्हणूनच गाऊन घालतो, हे एक. आणि दुसरं त्याहून टोचणारं, की बायकांना रंगमंचावर येऊ दिलं जात नव्हतं म्हणून पुरुषांना साडी नेसावी लागली, त्यात मोकळेपणा कसला, ते तर बायकांवरचं बंधन होतं. दोन्ही मान्य. दुसरं तर इतकं मान्य आहे की बालगंधर्वांचं नाव घेऊन आपण बघा किती पुढारलेले होतो म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. पण ह्यातनं पोराचं नेलपॉलिश चूक कसं ठरतं? साडीतला पुरुष बघून प्रेक्षक त्यांना गायक म्हणून डोक्यावर घेऊ शकत होते, तोच माणूस घरी बायकोमुलांचा संसार करतो हेही त्यांना ठाऊक होतं, आणि ह्या दोन गोष्टी एकाच माणसात बघताना त्यांना काही अडत नव्हतं, मला एवढंच दाखवायचंय. नाटकात गेलेला पोरगा वाया गेला म्हणणारी घरं तेव्हाही होतीच, पण आज त्यांचं म्हणणं कुणी धरून बसत नाही. आणि स्वतः म्हणून गाऊन घालतो हेही नीट तपासून बघा. पॉप गायकाचा रंगमंच फक्त स्टेजपुरता नसतो, मासिकाचं कव्हर, बक्षीस समारंभाचा गालिचा, म्युझिक व्हिडिओ हे सगळे त्याचे प्रयोगच असतात. हाच हॅरी 2025 मध्ये बर्लिनची मॅरेथॉन तीन तासांच्या आत पळाला, तेव्हा अंगात पळणाऱ्याचे साधे कपडे होते. कुठं काय घालायचं ते त्याला पक्कं कळतं.

मोत्यांचं तर बोलायलाच नको. साताऱ्याच्या छत्रपतींची, पेशव्यांची, आपल्या पटवर्धन संस्थानिकांची जुनी चित्रं डोळ्यापुढं आणा, गळ्यात मोत्यांच्या कंठ्या, कानात चौकडा, पगडीला तुरा. आज लग्नात किंवा ढोलपथकात पोरं हौसेनं भिकबाळी घालतात, ती मोत्यांचीच असते आणि कानातच असते, आणि तिचं आपण कौतुक करतो. कुणी म्हणेल की ते मोती पराक्रमी माणसांचे होते, दरबाराच्या मानाचे होते, त्याची बरोबरी पॉप गायकाशी कशाला. बरोबरी मी करतच नाहीये. पण मग हेही कबूल करा की मोती मुळात बायकी नसतात, ते कुणाच्या अंगावर आणि कुठल्या काळात आहेत त्यावर आपण त्यांना मर्दानी का बायकी ते ठरवतो. फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचांचे उंच बूट घालून राज्य करत होता आणि त्या उंच टाचा युरोपात आल्या त्या इराणी घोडेस्वारांकडनं, रिकिबीत पाय घट्ट बसावा म्हणून. लढवय्यांची वस्तू पुढं बायकांची झाली. शे-दोनशे वर्षांत ज्याचा अर्थ असा उलटा होतो त्यावरून एखाद्या वीस वर्षांच्या पोराचं चारित्र्य कसं ठरवायचं?

आणखी एक आक्षेप येतो तो संगीताच्या बैठकीत वाढलेल्या लोकांकडनं, आणि मिरज आपली असल्यानं आपल्याकडं तो जरा जोरातच येतो. म्हणतात, खऱ्या गाणाऱ्याला ह्या सोंगाची गरज काय, अब्दुल करीम खाँसाहेबांना कुठं पिसांचा हार लागला. ह्या लोकांबद्दल मला आदर आहे, पण त्यांनी खाँसाहेबांच्याच लेकीकडं बघावं. हिराबाई बडोदेकर, 1905 चा जन्म, मिरजेचाच. ज्या काळात चारचौघांत गाणाऱ्या बाईकडं लोक वेगळ्याच नजरेनं बघत त्या काळात त्यांनी तिकीट लावून मैफली केल्या, भावंडांबरोबर नाटक कंपनी काढून स्वतः स्त्री भूमिका केल्या. आणि त्यांचं ते शांत बसणं, ती साधी नीटनेटकी साडी, ना हातवारे ना नखरा, ती प्रतिमा सहज घडलेली नव्हती, गाणाऱ्या बाईला घरात मान मिळावा म्हणून ती जपावी लागली. त्यांचा सुरेलपणा त्या साडीमुळं नव्हता, पण लोकांनी तो सूर विटाळाविना ऐकावा ह्यासाठी ती साडी उपयोगी पडली. साधेपणा हासुद्धा पेहरावच असतो आणि तोही ठरवून केलेला असतो. बुवांचा रेशमी झब्बा, कानातला अत्तराचा फाया, मांडीवरची शाल, हे काय नुसतं थंडी वाजते म्हणून? लोकांपुढं बसणारा प्रत्येक जण आपण कसं दिसावं ह्याचा विचार करतो, कुणी आवरून धरतो, कुणी उधळतो.

मग उरतो पैशाचा मुद्दा. हे सगळं मार्केटिंग आहे, 2018 पासून हॅरीनं गुचीच्या जाहिराती केल्या, 2021 मध्ये त्यानं स्वतःची नेलपॉलिशची कंपनी काढली, तेव्हा बंड वगैरे काही नाही, माल खपवायचाय. ह्यातला शब्दन् शब्द खरा आहे आणि ज्या पोरांना तो क्रांतिकारक वाटतो त्यांनी हे नीट ऐकून घ्यावं. गुचीचा एक शर्ट घ्यायचा तर आपल्याकडच्या कित्येक घरांचा महिन्याचा पगार पुरायचा नाही. पण पैसा आला म्हणून आवड खोटी ठरते का? गंधर्व कंपनीचा भारी शालूंचा, अत्तराचा, पडद्यांचा खर्च कुणी तपश्चर्या म्हणून करत नव्हतं, तिकीट खपावं हाही हेतू होताच, आणि त्या हौसेपायी कंपनी कर्जात बुडाली हेही आपल्याला माहितीय. बाजारातनं निघालेली गोष्ट कधीकधी लोकांच्या हातात जाऊन वेगळीच होते ते वेगळं. 2020 मध्ये हॅरीनं एका रंगीत ठिगळाठिगळांच्या विणलेल्या स्वेटरमध्ये तालीम केली, जे. डब्ल्यू. अँडरसन ह्या डिझायनरचा, आपल्या गोधडीसारखा दिसणारा, आणि लॉकडाऊनमध्ये हजारो पोरापोरींनी घरी बसून तसाच विणायला घेतला. इतका, की त्या डिझायनरनं शेवटी त्याचा नमुना फुकट देऊन टाकला, आणि तो स्वेटर आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. महाग वस्तू विकत घेता येत नाही म्हणून पोरं सुया घेऊन बसली, ह्यात मला तरी वाईट काही दिसत नाही.

आता दुसऱ्या पार्टीशी बोलायचंय, कारण त्यांचंही चुकतंय. हॅरीनं पहिल्यांदा केलं, हॅरीनं भिंती पाडल्या, हे खरं नाही. त्याच्या कितीतरी आधी लिटल रिचर्ड चेहरा रंगवून गात होता, डेव्हिड बोवी 1971 मध्ये इंग्लंडात निघालेल्या रेकॉर्डच्या कव्हरवर लांब झगा घालून पहुडला होता. आणि फ्रेडी मर्क्युरी? तो तर आपल्या शेजारचाच. झांझिबारमध्ये जन्मलेल्या फारुख बुलसाराला आईवडलांनी वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत घातलं, तिथं तो पियानो शिकला, तिथंच पोरांबरोबर द हेक्टिक्स नावाचा पहिला बँड काढला. साताऱ्याहून पाचगणीला जाणाऱ्या कितीतरी जणांना आजही हे माहीत नसतं. ह्या माणसानं 1984 मध्ये क्वीन ह्या आपल्या इंग्लिश बँडच्या एका व्हिडिओत मिशी तशीच ठेवून स्कर्ट घातला, हातात व्हॅक्युम क्लीनर घेतला, इंग्लंडात लोक हसले आणि अमेरिकेत त्या व्हिडिओनं त्यांचं चांगलंच नुकसान केलं. पुढं 1991 मध्ये एड्सनं गेला, आजार जगाला सांगितला तो मरणाच्या आदल्या दिवशी. इतकं सोसून ज्यांनी वाट केली त्या वाटेनं हॅरी चालतोय, आणि ती आता बरीच मऊ झालीय. बिली पोर्टर हा काळा, समलिंगी अमेरिकन नट 2019 च्या ऑस्करला वर कोट आणि खाली मोठा घेरदार गाऊन अशा वेषात गेला होता. व्होगचं कव्हर बघून तो चिडला, म्हणाला हा गोरा आहे, सरळ आहे, म्हणून ह्याला हे सोपं गेलं, आम्हाला ह्यासाठी आयुष्यभर झगडावं लागलं. पुढं त्यानं हॅरीचं नाव घेतल्याबद्दल माफी मागितली, पण मुद्दा मागे घेतला नाही. घ्यायलाही नको होता, कारण आख्ख्या वादात सगळ्यात खरं बोललेला माणूस तोच आहे.

हा मुद्दा आपल्याकडं आणला की बोचायला लागतो. कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी मराठी पडद्यावर नाच्या उभा केला, लोक खदाखदा हसले, आणि थिएटरातनं बाहेर पडल्यावर त्याच लोकांनी त्या संसारी माणसाला खऱ्या आयुष्यातही नाच्याच ठरवलं, ती छाप त्यांना शेवटपर्यंत पुसता आली नाही. आणि त्याहून जवळचं उदाहरण रोज डोळ्यापुढं आहे. यल्लम्माचे जोगते, म्हणजे देवीला वाहिलेले पुरुष. हिरवी साडी, हातभर बांगड्या, कपाळभर भंडारा, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे मूर्ती बसवलेली टोपली, हातात चौंडकं हे तारेचं वाद्य. मिरजेत, जतला, तासगावात दारात येऊन उभे राहतात आणि देवीची गाणी म्हणतात, त्यातले काही काय गातात महाराजा, चौंडक्याची तार ताणून सूर असा ओढतात की अंगावर काटा येतो. साडी नेसून गाणारा पुरुष बघायला लंडनला जायची गरजच काय, तो आपल्या उंबऱ्याशी येतो. आपण काय करतो? परडीत पीठ टाकतो, भंडारा लावून घेतो, पाया पडतो, आणि तोच जोगता संध्याकाळी एसटी स्टँडवर दिसला की त्याच्याकडं बघून खिदळतो, शेजारची सीट रिकामी ठेवतो, भाड्यानं खोली मागायला आला तर दार लावून घेतो. देवीच्या नावानं चालतं, माणूस म्हणून चालत नाही. हॅरीच्या गाऊनला लाईक देणारी कॉलेजची पोरं तरी जोगत्याशेजारी बसतात का, हे त्यांनीच सांगावं. हॅरीला क्रांतिकारक म्हणायला काही खर्च येत नाही, तो सात समुद्रांपलीकडं आहे, देखणा आहे, श्रीमंत आहे. म्हणून त्यानं गाऊन उतरवावा का? अजिबात नाही. त्यानं उतरवला म्हणून जोगत्याला खोली मिळणार नाही. दोघांच्या वाट्याला येणाऱ्या वागणुकीत जो फरक आहे तो आपण केलेला आहे, तो आपल्यालाच कमी करावा लागणार.

राहिले आईबाप. त्यांच्या विरोधात संस्कृतीपेक्षा भीती जास्त आहे आणि ती भीती मला पूर्ण पटते. हॅरीभोवती बॉडीगार्ड असतात. पलूसहून एसटीनं येणाऱ्या पोराभोवती कोण असतं? नखं रंगवून तो स्टँडवर उतरला तर टोमणे खाणार, कदाचित मारही खाणार. आई त्याला म्हणते पुस ते, तेव्हा ती त्याचा राग करत नसते, त्याच्यासाठी घाबरलेली असते. तिला जुनाट म्हणणं हा अन्याय आहे. पण भीती असली तरी दुरुस्ती कुणाची करायची हे वेगळं ठरवावं लागतं. एकोणिसाव्या शतकात शिकलेल्या बाईनं पायात बूट घातले, हातात छत्री धरली तर लोक मागं लागायचे, तेव्हाही घरच्यांनी तिच्या काळजीपोटीच सांगितलं असणार की बाई, छत्री घरी ठेव. त्या सगळ्याजणींनी छत्र्या घरी ठेवल्या असत्या तर? जानेवारी 1957 मध्ये अमेरिकेच्या टीव्हीनं एल्व्हिस प्रेस्लीला फक्त कमरेच्या वर दाखवलं, त्याचं कंबर हलवणं बघून पोरं बिघडतील म्हणून, आज ते वाचताना आपल्याला कॅमेरा फिरवणाऱ्यांचं नवल वाटतं. आणि रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांनी कुलकर्णीपण सोडून तमाशा धरला, तमाशात नाचणाऱ्या पवळाबरोबर फडावर उभे राहिले, तेव्हा जातीनं त्यांच्याकडं पाठ फिरवली होती, आता आपणच त्यांना शाहीर म्हणतो.

म्हणून त्या पोराबद्दल माझं म्हणणं अगदी साधं आहे. त्याला रंगमंचावर जे घालायचं ते घालू द्या, एसटीत काय घालायचं हे त्याचं त्याला ठरवू द्या, त्याला अक्कल आहे. घरच्यांनी जपून राहा म्हणावं, जरूर म्हणावं, पण तोंड त्याचंच एकट्याचं बंद करू नये. व्हिडिओखाली घाण लिहिणारी पोरं कुठली परकी नाहीत, त्याच कॉलेजातली, त्याच गल्लीतली, आपल्याच ओळखीच्या घरातली आहेत, त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या आईबापांपुढं विषय काढायला कुणाची हरकत आहे? कॉलेजांनी गॅदरिंगच्या आधी पेहरावाचे नियम काढण्यात जेवढा वेळ घालवला तेवढा वेळ चिडवणाऱ्यांना बोलावून घेण्यात घालवावा. आणि परीक्षक म्हणून बसणाऱ्यांनी सुरात होता का, लयीत होता का, शब्द कळले का, कपड्याचा आणि गाण्याचा मेळ बसला का, ह्यावर मार्क द्यावेत, कमी पडला असेल तर बिनदिक्कत कमी द्यावेत. काळं नेलपॉलिश त्या गाण्याला शोभलं नाही असं मत असेल तर तेही तोंडावर सांगावं, गाणारं पोरगं असलं मत ऐकून घेऊ शकतं.